नगरपरिषदेचा आयटी आराखडा २०२६-३१ : कामाच्या नोंदी

या नोंदी मी माझ्या स्वतःसाठीच ठेवत होते, गावाचं नाव आणि माणसांची नावं काढून इथे टाकतेय. मी नगरपरिषद संवर्गातली संगणक अभियंता, ही माझी तिसरी नगरपरिषद. कुणी असाच आराखडा करायला बसलं असेल तर उपयोग होईल, नाहीतर करमणूक तरी होईल.

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

दुपारी सीओ (मुख्याधिकारी) साहेबांनी बोलावलं. राज्य सरकारच्या १५० दिवसांच्या कार्यक्रमाची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) झाली होती, त्यात ई-गव्हर्नन्सवरून सगळ्यांना झापलं असावं कारण साहेब आल्या आल्या म्हणाले, मॅडम पाच वर्षांचा आयटी आराखडा करा, २०२६ ते ३१, दसऱ्याच्या आसपास पाहिजे. मी विचारलं आराखडा म्हणजे खरेदीची यादी का? तर म्हणाले यादी पण येऊ द्या त्यात.

जुना आराखडा असेल तर बघावा म्हणून रेकॉर्ड रूममध्ये शोधायला लावलं, शिपाई मामांनी अर्ध्या तासात आणून दिला. २०१९ चा, स्पायरल बाइंडिंग, ८४ पानं, कव्हरवर काचेच्या उंच इमारती. कुठल्यातरी सल्लागाराने केलेला. पान ३१ वर "शहरातील मेट्रो स्थानकांवर नागरिक सुविधा किऑस्क" असं लिहिलंय. आमच्याकडे रेल्वे पण नाही हो, एसटी स्टँड आहे फक्त. दुसऱ्या कुठल्यातरी शहराच्या आराखड्यात नाव बदलून दिलंय हे उघड आहे आणि पैसे पण दिले गेलेत. त्या ८४ पानांतली एकच गोष्ट प्रत्यक्षात आली ती म्हणजे टचस्क्रीन किऑस्क, एक नग. तो आता जिन्याखाली आहे आणि त्याच्यावर पाण्याचा जार ठेवतात, उंची बरोबर जमते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

मोजणीपासून सुरुवात केली. डेड स्टॉक रजिस्टरला (ऑफिसच्या वस्तूंची नोंदवही) ६८ कॉम्प्युटर, प्रत्यक्ष फिरून मोजले तर चालू ४१. बाकीचे निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरातून काढून टाकण्याची, वाट बघत सभागृहामागच्या खोलीत, पल्स पोलिओच्या डब्यांशेजारी. निर्लेखन समितीची बैठक कधी झाली होती ते कुणालाच आठवत नाही. यूपीएस १९, त्यातले बॅटरी असलेले ६. बाकीचे यूपीएस म्हणजे महागातले एक्स्टेंशन बोर्ड.

सर्व्हर रूम ही पूर्वीची बाथरूम आहे. टाइल्स तशाच आहेत. एसीचं पाणी बादलीत पडतं आणि ती बादली रिकामी करणं हे मामांचं काम, सुट्टीला जोडून सुट्टी आली की बादली भरून वाहते, रॅकखाली दोन विटा आहेत त्या याच कारणाने.

एक कॉम्प्युटर मात्र वेगळाच निघाला. जन्म-मृत्यू विभागाच्या कपाटामागे, विंडोज एक्सपी, कीबोर्डवर प्लॅस्टिक, आणि सीपीयूवर पिवळ्या पडलेल्या कागदावर मार्करने "बंद करू नये". कुणी लिहिलं, का लिहिलं, माहीत नाही. मी विचारलं यात काय आहे, तर जन्म-मृत्यूच्या ताई रजेवर. बाकीचे म्हणाले हात लावू नका मॅडम, ताईच बघतात ते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ताई आल्या. त्या एक्सपीवर १९९२ ते २०१५ च्या जन्म आणि मृत्यूच्या नोंदींची अनुक्रमणिका आहे. म्हणजे दाखला नाही, फक्त नाव, तारीख, रजिस्टर नंबर, पान नंबर. माणूस जुन्या दाखल्यासाठी आला की ताई इथे नाव शोधतात आणि मग मामा ते रजिस्टर काढून आणतात. नवीन नोंदी केंद्राच्या सीआरएस (जन्म-मृत्यू नोंदणीच्या) पोर्टलवर जातात, पण पासपोर्टला, वारसाला, पेन्शनला लोक मागतात ते जुनेच. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला, तेव्हापासून दाखल्याला मुदत आहे, आणि आमच्याकडे ती मुदत पाळली जाते ती या एका मशीनच्या जिवावर. आराखड्याच्या भाषेत याला "क्रिटिकल सिस्टीम" म्हणतात. आमची क्रिटिकल सिस्टीम कपाटामागे आहे.

डेटा कॉपी करून घेतला आणि उघडला तर अपेक्षेप्रमाणे सगळा कचरा. जुना डीव्ही-टीटी फॉन्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युनिकोड येण्याच्या आधीचे हे फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फक्त वर मराठी आकाराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की मराठी गायब. बरं कन्व्हर्टरने सरळ बदलता येईल म्हणावं तर तसंही नाही, जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप करायचे, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, आणि युनिकोडमध्ये बरोबर उलटं.

संध्याकाळी एक स्क्रिप्ट लिहून ५०० नावं चालवून बघितली. बरीचशी जमली. अडकलं कुठे तर "कुऱ्हाडे" वर. तो मराठीतला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतीने लिहिता येतो, दिसतो अगदी सारखा पण शोधायला गेलं की एकाला दुसरा सापडत नाही. म्हणजे सगळे कन्व्हर्ट करून छान नवीन सॉफ्टवेअरमध्ये घातले असते आणि गावातल्या निम्म्या कुऱ्हाड्यांना "नोंद आढळून येत नाही" असं लेखी मिळालं असतं. हे कुठल्याच सल्लागाराच्या ८४ पानांत नसतं. असो. ताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, पोऱ्हे पण बघा, म्हटलं हो बघते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

विभागवार बोलायला सुरुवात. कर विभागातले भाऊसाहेब, नोकरीची पस्तीसेक वर्षं झाली, ३१ जानेवारीला निवृत्त होतायत. मी वही उघडली तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे विचारणाऱ्या चौथ्या." आधीच्या तिघांनी लिहून घेतलं आणि बदली होऊन गेले. मला जरा लागलं ते, पण खरंय, माझीही तीन वर्षं पुढच्या मेमध्ये होतात.

मग म्हणाले चला दाखवतो, आणि मला जुन्या पेठेत घेऊन गेले. एका वाड्याच्या दाराच्या चौकटीवर तीन नंबर. सगळ्यात वर गंजलेला पत्र्याचा बिल्ला, खाली निळ्या रंगाने स्टेन्सिलने मारलेला आकडा, आणि बाजूला क्यूआर कोडवाली प्लॅस्टिकची पट्टी, तिचा एक खिळा निघालेला त्यामुळे ती लोंबत होती. तिन्ही आमच्याच नगरपरिषदेचे. पत्र्याचा जुन्या कर आकारणीतला, स्टेन्सिल नंतरच्या चतुर्थ वार्षिक आकारणीतला, क्यूआर ड्रोन सर्व्हेवाल्या एजन्सीचा. कराची पावती फाडतात स्टेन्सिलच्या नंबरवर. क्यूआर स्कॅन केला तर वेबसाइट उघडतच नाही. नळाची जोडणी आजोबांच्या नावावर, तिचा ग्राहक क्रमांक चौथा. आणि वाड्यात आता भावाभावांच्या वाटण्या होऊन पाच चुली आहेत, बांधकाम परवानगीच्या फाइलला या चारपैकी कुठलाच नंबर नाही, तिथे सिटी सर्व्हे नंबर चालतो.

भाऊसाहेबांना मात्र पाठ आहे. "हा पत्र्याचा २१७, तो आता ३/११४ अ, नळ यांच्या आजोबांचा, १९८४ ला घेतला." न बघता.

येताना डोक्यात एकच चालू होतं. आराखडा आराखडा म्हणून जे काय आहे ते इथेच आहे, त्या दाराच्या चौकटीवर. कराचं सॉफ्टवेअर आहे, पाण्याचं आहे, बांधकामाचं ऑनलाइन आहे, तिन्ही आपापल्या जागी चालतात पण एकमेकांना ओळखत नाहीत. घरपट्टी थकलेल्याचा नळ कुठला हे कॉम्प्युटरला माहीत नाही, भाऊसाहेबांना माहीत आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आढावा बैठक. सीओ साहेब मागच्या महिन्यात प्रशिक्षणाला जाऊन आले होते, तिथे एस्टोनिया दाखवला होता बहुतेक. आपण एस्टोनियासारखं का करू शकत नाही? लेखापालांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणलं साहेब, एस्टोनियाची अख्ख्या देशाची लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास, म्हणजे आपली कल्याण-डोंबिवली. त्यांनी २००१ मध्ये एक्स-रोड सुरू केलं, त्यात एक मोठा डेटाबेस नाहीये, उलट प्रत्येक खात्याचा डेटा त्या खात्याकडेच राहतो आणि एकमेकांना ठराविक पद्धतीने विचारता येतो. पण त्यासाठी आधी प्रत्येक माणसाला, प्रत्येक मिळकतीला एकच नंबर लागतो. साहेब म्हणाले मग आपण पण देऊ नंबर. भाऊसाहेब मागून हळूच म्हणाले, "चौथा बिल्ला."

सगळे हसले पण मुद्दा तोच आहे. नवीन नंबर देणं सोपं, जुने नंबर त्याला जोडणं अवघड, आणि ते जोडण्याला निविदा निघत नाही, फोटो निघत नाही.

कल्याण-डोंबिवलीचा विषय निघाला म्हणून सांगितलं, एस्टोनियाच कशाला, २००० च्या सुमाराला कल्याण-डोंबिवली महापालिकेने ई-गव्हर्नन्स उभं केलं आणि नंतर राज्यातल्या इतर शहरांसाठी तोच नमुना धरला गेला. राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना आली २००६ ला. म्हणजे आपल्या घरातच हे आधी झालेलं आहे. पण नमुना उचलताना सॉफ्टवेअर उचललं गेलं आणि त्याच्या आधी जी रजिस्टरं साफ करावी लागतात, कुठला अर्ज कुणाच्या टेबलावरून कुठे जातो ते नीट बसवावं लागतं, ते काम प्रत्येक गावाला स्वतःचं स्वतः करावं लागतं हे कुणी बोललं नाही. हे माझं मत, बैठकीत एवढं लांबलचक बोलले नाही.

आणखी एक गोष्ट ठरली, आणि ही महत्त्वाची: मिळकतीच्या नंबरात प्रभाग घालायचा नाही. आत्ता निवडणुकीसाठी प्रभाग रचना नव्याने चालू आहे, हद्दी हलल्या की नंबर खोटा पडतो, मागचा स्टेन्सिलवाला नंबर याच कारणाने बिघडला. नंबर मुका ठेवायचा, त्याच्यातून काहीच अर्थ निघू नये, आणि प्रभाग, झोन, गल्ली सगळं वेगळ्या रकान्यात. नगररचनाच्या सरांना पटलं नाही, म्हणाले नंबर बघून कळलं पाहिजे कुठला आहे ते. तासभर यावरच गेला.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. निम्मं ऑफिस दुपारीच गेलं, उरलेलं विसर्जन हौदाच्या मागे. शांतता होती म्हणून जरा वाचलं.

मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००३ ला विकसनशील देशांतल्या ई-गव्हर्नन्स प्रकल्पांचा अंदाज मांडला होता: ३५ टक्के पूर्ण फसलेले, ५० टक्के अर्धवट फसलेले, १५ टक्के यशस्वी. कारण काय, तर कागदावर आखलेलं आणि जागेवरचं वास्तव यातलं अंतर. जितकं अंतर जास्त तितकी फसण्याची शक्यता जास्त. आमच्या मेट्रो स्थानकावरच्या किऑस्कमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येईल.

आणि आपलं वारणा. १९९८ ला कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांत "वायर्ड व्हिलेज", केंद्रांवर कॉम्प्युटर, शेतकऱ्याला बाजारभाव, सल्ला, सगळं मिळणार. काही वर्षांनी अभ्यास करणारे तिथे गेले तर लोक कॉम्प्युटरचा खरा उपयोग करत होते तो ऊस किती गेला, खत किती मिळालं, खात्यावर काय आहे एवढ्यालाच. मग तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणून बघितलं आणि ते चाललं. मला ही गोष्ट फार आवडते. लोकांना जे हवं होतं ते वजनाची पावती एवढं साधं होतं.

आमच्या गावाची वजनाची पावती कुठली? ताईंना, भाऊसाहेबांना आणि पाण्याच्या खिडकीवरच्या मुलाला विचारलं की लोक सगळ्यात जास्त काय विचारायला येतात. तिघांचं उत्तर जवळपास एकच, "माझं बाकी किती आहे" आणि "माझ्या अर्जाचं काय झालं". चॅटबॉट, डॅशबोर्ड, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे) यातलं काहीच नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कराच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला (नाव लिहीत नाही) मेल केला होता की आमच्या डेटाची पूर्ण प्रत आणि टेबलांची रचना द्या. आज फोन आला. गोड बोलतात. "मॅडम डेटा तुमचाच आहे ना, पण डंप द्यायचा म्हणजे वेगळी अॅक्टिव्हिटी आहे, त्याचं कोटेशन पाठवतो."

करारनामा काढून वाचला. पाच पानं दंडाची कलमं, उशीर झाला तर किती, बंद पडलं तर किती, आणि डेटा कुणाचा, करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत द्यायचा याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे लग्नाचा खर्च पै-पै लिहिलाय आणि घटस्फोटाचा शब्द नाही. आता दर वेळी मुदतवाढ द्यायची, कारण सोडलं तर मागणी रजिस्टरच (कुणाकडून किती कर यायचा ती यादी) हातात राहत नाही. मुदतवाढीची टिपणी बघितली, सात वेळा दिलीय, प्रत्येक वेळी "कामाची निकड विचारात घेता".

आराखड्यात हे स्वतंत्र प्रकरण करतेय. पुढच्या प्रत्येक कार्यादेशात: दर महिन्याला डेटाची प्रत आमच्याकडे, रचनेच्या कागदांसह, मराठी डेटा युनिकोडमध्येच, वर्षातून एकदा ती प्रत आमच्या मशीनवर उघडून दाखवायची आणि त्याशिवाय शेवटचं देयक नाही. देयक अडवलं की सगळं होतं, हे बांधकाम विभागाकडून शिकले.

बुधवार, १७ सप्टेंबर

दुसऱ्याला शहाणपणा शिकवायच्या आधी आपलं बघावं म्हणून आमचाच बॅकअप रिस्टोअर करून बघितला. रोज रात्री ११ ला एक्सटर्नल हार्डडिस्कवर बॅकअप जातो, लॉगमध्ये हिरवी टिक. फोल्डर उघडला, फाइली आहेत, तारखा बरोबर, साइज शून्य केबी. मार्चपासून. मार्चमध्ये मीच पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. सहा महिने आम्ही रोज रात्री रिकामी फाइल जपून ठेवत होतो. दोष माझाच. साहेबांना जाऊन सांगितलं, ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले आराखड्यात लिहा. लिहिलं, नावानिशी.

बुधवार, २४ सप्टेंबर

सुरक्षेचं प्रकरण. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश आहेत की सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे. कागदावर ठीक. मी विचारलं, शनिवारी रात्री वेबसाइटवर भलतंच काहीतरी दिसायला लागलं तर कोण कुणाला फोन करणार? उत्तर: व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतील.

मग ओटीपीची मोजणी केली. ही कल्पना मला अचानक सुचली आणि मला वाटतं सगळ्या आराखड्यात हीच सगळ्यात कामाची. आम्ही वापरतो त्या वेगवेगळ्या सरकारी पोर्टलची यादी केली, २३ निघाली, आणि प्रत्येकाचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते लिहिलं. ९ पोर्टलचे ओटीपी बदली झालेल्या किंवा निवृत्त माणसांकडे जातात. एक तर चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या स्वच्छता निरीक्षकांकडे, ते आता शेतावर असतात, तिथे रेंज नाही, म्हणून त्या पोर्टलचं काम असलं की आधी त्यांच्या मुलाला फोन करून साहेबांना बांधावर उभं करावं लागतं. त्यांनी आजवर एकदाही कुरकूर केलेली नाही, माणूस चांगला आहे.

ठरवलं: ऑफिसच्या नावाची सिमकार्डं, पदावर नोंद, चार्ज देता-घेताना चाव्यांबरोबर सिम पण. खर्च जवळपास काहीच नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

पैशाचं गणित, लेखापालांबरोबर. अनुदानातून वस्तू घेता येते, पण तिचं पुढचं खाणं-पिणं, म्हणजे इंटरनेट, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), बॅटऱ्या, परवान्यांची नूतनीकरणं, दोन चांगली माणसं, हे स्वनिधीतून, आणि स्वनिधी म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी मार्च २०२६ ला संपतो, पुढचा आयोग २०२६-३१, म्हणून आराखड्याची वर्षं तीच धरली, निदान तारखा तरी जुळतील. वस्तूला एक रुपया लिहिला की शेजारी पाच वर्षांचा सांभाळायचा खर्च लिहायचाच असं ठरवलं. यादी आपोआप निम्मी झाली. लेखापाल खूश.

साहेबांनी विचारलं पहिल्या वर्षात दिसणारं काय आहे? प्रश्न रास्त आहे, निवडून येणाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागेल. मी म्हणलं "बाकी किती" चा एसएमएस, आणि अर्जाची स्थिती. त्यासाठी मिळकत आणि नळ जोडलेले पाहिजेत, मोबाइल नंबर खरे पाहिजेत. म्हणजे दिसणारं काम धरलं तरी फिरून त्याच दाराशी येतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आजपासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची मोफत अपडेट बंद. ४१ पैकी २६ मशीन अशी आहेत की त्यांच्यावर विंडोज ११ बसत नाही, प्रोसेसर जुना किंवा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही. साहेबांना म्हणलं एकदम ४१ घेऊ नका, घेतली की एकदम म्हातारी होतात, दरवर्षी पाचवा हिस्सा बदला. यंदा नागरिकांच्या समोरच्या खिडक्या आणि लेखा विभाग. ज्यांना टायपिंगपुरतंच लागतं त्यांच्या मशीनवर लिनक्स टाकून बघितलं, आस्थापनावाल्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं, इन्स्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा) कीबोर्ड चालतो म्हटल्यावर बोलायला लागले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सादरीकरण झालं. ८४ पानांच्या जागी १९. नगररचनाचे सर मुक्या नंबराला अजून विरोधात, पण विरोध लेखी द्यायला तयार नाहीत. निवडून आलेली बॉडी सध्या नाही, म्हणून आराखडा प्रशासक या नात्याने साहेबांनीच मान्य केला, दिवाळीनंतर पहिल्या निविदा काढायच्या ठरलं. फराळाचं पाकीट मिळालं, चकल्या मऊ होत्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

राज्य निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती, मतदान २ डिसेंबर. आचारसंहिता आजपासून. म्हणजे नवीन निविदा नाही, कार्यादेश नाही, काहीच नाही. साहेबांनी फाइल माझ्याकडे परत दिली आणि म्हणाले, नवीन बॉडी आल्यावर. मी म्हणलं साहेब तोवर भाऊसाहेब निवृत्त होतात. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ज्याला खरेदी लागत नाही ते करायला कोण अडवतंय?

खरं होतं ते. १९ पानांतली ज्याला पैसे लागत नाहीत अशी कामं पेन्सिलने खुणा करून काढली, सिमकार्डं धरून ११ निघाली. जोडणी पहिली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

भाऊसाहेबांना रोज दुपारी चार ते साडेपाच मागून घेतलं. पद्धत अशी: स्क्रीनवर डावीकडे कराची यादी, उजवीकडे नळाची, मी नाव वाचते, ते सांगतात, मी जोडते. कशावरून जोडलं ते पण लिहिते, "नावावरून", "पत्त्यावरून", "भाऊसाहेब". शेवटच्या प्रकाराची नंतर जागेवर जाऊन खात्री करायची, कारण आठवण ती आठवणच. आज त्यांनी एका ओळीवर थांबून सांगितलं की या दोन नोंदी वेगळ्या दिसतात पण घर एकच, नवरा-बायकोने वेगवेगळे अर्ज केले होते. दोन बिलं जात होती इतकी वर्षं, एक भरत होते आणि दुसऱ्याची थकबाकी चढत होती. अशा नोंदी एका गल्लीत सात.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम गेल्या आठवड्यात राजपत्रात आले, कायदा २०२३ चाच. अंमल टप्प्याटप्प्याने आहे, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिने आहेत. आज मी ज्या पाठकोऱ्या कागदावर जोडणीच्या खुणा करत होते तो उलटून बघितला तर कुणाच्यातरी आधारची झेरॉक्स. कर विभागात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठाच आहे तसला. श्रेडर खरेदीत येतो म्हणून आत्ता घेता येत नाही, घरून कात्री आणली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ऑफिसात ईव्हीएम आणि मतदान केंद्रांच्या याद्या सोडून कुणी काही बोलत नाही. दुपारी कुणीतरी स्ट्राँगरूमचे कॅमेरे लावायला जागा करताना कपाट सरकवलं आणि एक्सपीची पिन निघाली. ताई धावत आल्या, मी पण. मशीन परत चालू झालंच नाही, पॉवर सप्लाय गेला असावा. पण अनुक्रमणिका सप्टेंबरपासूनच युनिकोडमध्ये ताईंच्या नवीन मशीनवर आहे, कुऱ्हाडे आणि पोऱ्हे दोन्ही सापडतात, आणि तिची दुसरी प्रत बॅकअपमध्ये, साइज तपासलेली. ताईंनी तरी तो "बंद करू नये" चा कागद काढून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला.

वॉर्ड ३ : १,१४० पैकी ८७२ जुळल्या, त्यातल्या २१४ "भाऊसाहेब". उद्या त्यांचं निवडणुकीचं प्रशिक्षण, सोमवारी साहित्य वाटप, मंगळवारी मतदान, बुधवारी मतमोजणी. गुरुवारी चार वाजता वॉर्ड ४.